हळदीची साक्ष

माझ्या नाकाचा आता काही उपयोग उरलेला नाही, हे मला सत्तराव्या वर्षी स्वयंपाकघरात कळलं.

इंदूने ओट्यावर सहा वाट्या मांडल्या होत्या. इंदू म्हणजे माझी बायको. काचीगुड्याच्या आमच्या गल्लीत तिला सगळे इंदुताई म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात मीही तेच म्हणतो. प्रत्येक वाटीत पांढरी पूड होती: मीठ, पिठीसाखर, खाण्याचा सोडा, पापडखार, तुरटी आणि मलकपेठेतल्या कल्हईवाल्याकडून आणलेला नवसागर. कोणत्या वाटीत काय आहे ते फक्त तिला ठाऊक. मी न चाखता ओळखायचं. इंटरच्या, म्हणजे बारावीच्या, केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला असंच असतं. बाटलीतून एक पूड देतात, तिला सॉल्ट म्हणतात, आणि तिच्यात कोणते दोन घटक आहेत ते वेगवेगळ्या परीक्षा करून शोधायचं असतं.

मी पहिल्या वाटीत व्हिनेगर टाकलं. फसफसलं. वहीत लिहिलं, "बहुतेक सोडा."

"बहुतेक म्हणजे काय हो?" इंदू म्हणाली. "आमटीत मी बहुतेक मीठ घातलंय, असं म्हटलं तर चालेल तुम्हाला?"

"चालेल की."

"चालेलच. सेहेचाळीस वर्षांत आमटी खारट आहे की अळणी, एकदा तोंडातून निघालं नाही तुमच्या."

हे खरं होतं. मी दुसऱ्या वाटीकडे वळलो. चौथ्या वाटीतल्या पुडीत थोडा चुना कालवून बोटाने चोळला आणि नाकाशी नेला. काहीच नाही. पण तीन हात लांब उभी असलेली इंदू पदर नाकाला लावून खिडकीकडे पळाली.

"अहो, तुम्हाला येत नाही? डोळ्यांतून पाणी आलं माझ्या!"

"कसला वास?"

"नवसागराचा! मेलं नाक आहे का काय?"

नवसागर आणि चुना एकत्र आले की अमोनिया सुटतो, आणि अमोनियाचा वास झोपलेल्या माणसाला उठवतो. माझ्या नाकाला मात्र चाळीस वर्षं तपकिरीने इतकं झोपवलंय की ते उठायला तयार नव्हतं. मी डबी खिशात खोल ढकलली.

"मग असं करा," इंदू म्हणाली. तिने हळदीत भिजवलेली कागदाची पट्टी त्या वाटीवर धरली. पिवळी पट्टी बघता बघता लालसर झाली. "चुन्याने हळदीचं कुंकू होतं, तसंच. नाक नाही तर नाही. हळद आहे ना?"

आता या वयात मी हे सगळं का करत होतो, ते सांगायला हवं.

रेणू माझी नात. गेल्या वर्षी ती इंटरला केमिस्ट्रीत नापास झाली. बाकीचे सगळे विषय सुटले. निकाल लागला त्या दिवशी तिने केमिस्ट्रीचं पुस्तक माळ्यावर टाकलं आणि जाहीर केलं, की आता आयुष्यात ते उघडणार नाही. तिची आई रडली, वडील ओरडले. मला ओरडणं जमत नाही आणि रडणं शोभत नाही, म्हणून मी तिच्या खोलीत जाऊन नुसता बसलो. शेवटी तोंडातून निघून गेलं, "मीही नापास झालो होतो. बहात्तर साली. केमिस्ट्रीतच."

रेणू उठून बसली. "काय बोलताय, आजोबा! तुम्ही? तुम्ही तर चोवीस तास पुस्तकात असता."

मग सगळं सांगावं लागलं. प्रॅक्टिकलला मला नवसागर आला होता. तेव्हा माझं नाक शाबूत होतं. वास आला, ओळखलं, लिहिलंही. तेवढ्यात शेजारचा प्रमोद माझ्या कागदावर वाकून कुजबुजला, "वेडा आहेस का? झिंक आहे ते." मी विचार केला, प्रमोद इतक्या खात्रीने सांगतोय त्या अर्थी असेल. खोडलं आणि झिंक लिहिलं. प्रॅक्टिकलला नापास झालो, म्हणून विषयातही नापास. आणि प्रमोदच्या पुढ्यात त्या दिवशी मोरचूद होता. मोरचूद निळा असतो. तो डोळे मिटून ओळखता येतो. निळ्या पुडीवर बसलेल्या माणसाने मला पांढऱ्या पुडीबद्दल सांगितलं आणि मी ऐकलं.

रेणू हसली. निकालानंतर पहिल्यांदा. मग मात्र तिने माझ्याकडे जरा जास्तच निरखून पाहिलं.

"मग पुन्हा का नाही बसलात?"

नंतर वाचनालयात नोकरी लागली आणि अडतीस वर्षं मी पुस्तकांची कार्डं लिहिली. कोणतं पुस्तक कोणत्या विषयात घालायचं ते लिहून पुढे पेन्सिलीने एक छोटं प्रश्नचिन्ह काढून ठेवायचो, न जाणो चुकलं असेल तर. निवृत्त झालो तेव्हा माझ्या जागी आलेली मुलगी कार्डं चाळून म्हणाली होती, "सर, हे कॅटलॉग आहे की क्वेश्चन पेपर?"

"बसू या," रेणू म्हणाली. "दोघं. ओपन स्कूलला वयाची अट नसते. तुम्ही बसाल तर मी बसते."

मला वाटलं, चेष्टा करतेय. दुसऱ्या दिवशी ती बरकतपुऱ्यातल्या केंद्रातून दोन फॉर्म घेऊन आली. वर एक अट घातली. "पेपरवर खोडाखोड करायची नाही. तुमचं प्रॅक्टिकल सकाळच्या बॅचला आलं आणि माझं दुपारच्या, तर मी बाहेर उभी राहून तुम्हाला विचारणार. स्वतः शोधलेलं उत्तर दुसऱ्याचं ऐकून खोडलंत, तर मी तिथूनच घरी. आणि तुम्हाला खोटं बोलता येत नाही, हे मला माहितीये."

बॅच अगदी तशाच आल्या.

वर्षभर आम्ही अभ्यास केला. त्यात मला एक गंमत सापडली. सॉल्ट ओळखताना तीन रकाने असतात: काय केलं, काय दिसलं, आणि त्यावरून काय वाटतं. या तिसऱ्या रकान्यात सुरुवातीला कुणीच ठामपणे काही लिहीत नाही. 'असू शकेल', 'नसावं', असंच लिहायचं असतं, आणि ते बरोबर मानतात. पन्नास वर्षं ज्याबद्दल लोक मला हसले, ते इथे शिस्त म्हणून शिकवत होते. मला तर घरी आल्यासारखं वाटलं. अडचण एवढीच, की पानाच्या शेवटी एक ओळ असते. दिलेलं सॉल्ट अमुक आहे. तिथे 'असू शकेल' चालत नाही. घरच्या सरावात मी ती ओळ रेणूकडून लिहवून घ्यायचो.

"उद्या तिथे मी नसणार," ती म्हणायची.

"उद्याचं उद्या."

परीक्षेच्या सकाळी घाईघाईत जेवताना माझ्या पांढऱ्या सदऱ्याची बाही आमटीत बुडाली. इंदू म्हणाली, "बदला." पण खाली रेणूने स्कूटर सुरू केली होती आणि ती हॉर्नवर हॉर्न देत होती. तशीच पिवळी बाही घेऊन मी निघालो.

लॅबमध्ये वीस जणांची बॅच होती. बाकीचे माझ्या मुलांहून लहान. अटेंडर जहाँगीरभाई सरावाच्या दिवसांपासून माझ्यावर माया करत. दारातच म्हणाले, "आव चाचा. सात नंबर आपका. नल के बाजू, स्टूल भी रख दिया."

प्रत्येक जागेवर नंबर लिहिलेला होता आणि समोर सॉल्टची एक बाटली ठेवलेली होती. मी सात नंबरच्या स्टुलावर बसलो, तर अकरा नंबरशी उषा उभी दिसली. उषा पुण्याची, लग्न होऊन इकडे आलेली, फार्मसीच्या कोर्ससाठी केमिस्ट्री सोडवत होती. सरावाला आमची ओळख झालेली. तिला आठवा महिना होता, आणि अकरा नंबरला स्टूल नव्हतं.

"तू तिकडे बैस," मी म्हणालो. "मला उभं राहायची सवय आहे. वाचनालयात शिडीवरच असायचो."

"नको काका, नंबर आहेत."

"नंबर काय, कागदावर लिहायचा आपापला."

ती बसली. स्टूल उचलून तिच्याकडे नेता आलं असतं, हे मला चार दिवसांनी सुचलं. जागा बदलल्याचं कुणाला तरी सांगायला हवं, हे मात्र तेव्हाच मनात आलं होतं. पण त्यासाठी हात वर करून भर वर्गात बोलावं लागलं असतं. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरच्या परीक्षक, म्हणून आलेल्या भाग्यलक्ष्मी मॅडम कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्या होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर, समोर यादी. त्यांच्याकडे नुसतं पाहूनच माझा हात खिशात गेला. सांगू नंतर, म्हटलं.

सुरुवात चांगली झाली. सॉल्ट पाण्यात विरघळलं. सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकल्यावर नळीत दह्यासारखा पांढरा साका आला. म्हणजे पहिला घटक क्लोराइड. दुसरा शोधायला घेतला, तेवढ्यात जहाँगीरभाई फडकं घेऊन टेबल पुसत माझ्यामागे आले.

"चाचा," ते कानाशी म्हणाले, "फिकर नक्को करो. आपका अमोनियम क्लोराइड है. मैं अपने हाथ से रखा सो. आसान वाला."

अमोनियम क्लोराइड म्हणजे नवसागर. बावन्न वर्षांनी तोच पुन्हा आला! डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. सॉल्टमध्ये कॉस्टिक सोडा घालून नळी तापवली. आता वास यायला हवा. मी नाक पुढे केलं. काही नाही. आणखी तापवली. काही नाही.

वास नाही, याचे दोन अर्थ होते. एक, नळीत अमोनिया नाही. दोन, अमोनिया आहे पण मला नाक नाही. दुसऱ्या अर्थाचा पुरावा तर माझ्या खिशातल्या डबीतच होता. शेजारच्या कुणाला "जरा वास घेता का?" असं परीक्षेत विचारता येत नाही. लिटमसच्या पट्ट्या शोधल्या, तर डबी उघडी राहून सगळ्या एकाच फिक्या जांभळ्या रंगाच्या झालेल्या. अमोनिया ओळखायच्या नेसलरच्या द्रावणाच्या बाटलीत तळाला एक थेंब. सगळं जग मला म्हणत होतं, नामदेवराव, लिहून टाका अमोनियम क्लोराइड आणि मोकळे व्हा.

मी पेन उचललं. तेव्हा बाही दिसली.

आमटीचा डाग वाळून छान पिवळा झाला होता. मी इकडेतिकडे पाहिलं आणि डागावर पाणी शिंपडलं. आधी शेल्फवरच्या अमोनियाच्या बाटलीचं बूच काढून बाही तिच्या तोंडावर धरली. डाग लाल झाला. म्हणजे आमटीतली हळद कामाची होती. बाही हवेत हलवली, पुन्हा पिवळा. मग ती माझ्या तापलेल्या नळीवर धरली आणि शंभरापर्यंत मोजलं.

पिवळाच.

जहाँगीरभाई दुरून बघत होते. त्यांना वाटलं असेल, चाचा बाही वाळवतायत.

मग मी नेटाने पुढच्या सगळ्या परीक्षा क्रमाने केल्या. पाचव्या गटाच्या परीक्षेत पांढरा साका मिळाला. तो विरघळवून पोटॅशियम क्रोमेट घातल्यावर नवा साका आला, पिवळा धमक. सॉल्टचा कण तारेवर घेऊन ज्योतीत धरला, तर ज्योत पोपटी. माझ्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत. नाक गेलं असलं तरी रंग मला तरुणांपेक्षा स्वच्छ दिसतात. बेरियम. मी शेवटची ओळ लिहिली. दिलेलं सॉल्ट बेरियम क्लोराइड आहे. 'आहे' जरा वाकडं आलं, पण आलं.

कागद घेऊन रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढेच उषा होती. मॅडमनी तिचा कागद पाहिला, यादी पाहिली आणि मान हलवली. "चूक आहे. जा, पुन्हा करून बघ."

"मॅडम, वास येतोय," उषा म्हणाली. "मला आजकाल शेजारच्या घरात लसूण सोलला तरी कळतो. मला कसं चुकेल?"

"पुन्हा कर, अम्मा."

उषा डोळे पुसत परत गेली. वासावर विश्वास ठेवणारी चुकली होती. मग बाहीवर ठेवणाऱ्याचं काय?

"रंडी, तातगारू," मॅडम तेलुगूत म्हणाल्या, म्हणजे 'या, आजोबा'. त्यांनी कागद वाचला. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. यादीत सात नंबर शोधला. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आर यू शुअर?"

हा प्रश्न मला आयुष्यात ज्याने ज्याने विचारला, त्याला मी "नाही" म्हणालो आहे. मुंज लागताना भटजींनी गोत्र विचारलं तेव्हासुद्धा.

"तातगारू, माझ्या यादीत वेगळं आहे," त्या हळूच म्हणाल्या. त्यांना माझी कीव आली असावी, कारण त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. "पाहिजे तर दुरुस्त करा. दोन मिनिटं देते."

मी पेन घेतलं. टोक 'बेरियम'वर टेकलंही. जहाँगीरभाईंनी स्वतःच्या हाताने ठेवलेली बाटली, मॅडमची छापील यादी, आणि समोर मी, एक तपकीर ओढणारा म्हातारा. खोडायला एक रेघ पुरते. पण फाटकाबाहेर रेणू उभी होती. आणि डाग खरंच पिवळा राहिला होता. तो कुणाचं ऐकून पिवळा राहिला नव्हता.

मी पेन परत ठेवलं.

"मॅडम," मी म्हणालो, आणि आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकलो, "माझ्या नाकावर माझा अजिबात विश्वास नाही. पण हळदीवर आहे."

"कशावर?"

मी बाही पुढे केली. इंग्रजी, हिंदी आणि मराठी एकत्र कालवून आमटीपासून ज्योतीपर्यंत सगळं सांगितलं. बोलता बोलता लक्षात आलं, की सगळी लॅब थांबून ऐकतेय. मॅडम उठल्या. "चला, दाखवा तुमची बाटली."

मी त्यांना अकरा नंबरशी नेलं. त्यांनी बाटली उचलली, तिच्यावरचा आकडा वाचला आणि विचारलं, "तातगारू, तुमचा नंबर काय?"

"सात."

"मग इथे कसे?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाटल्या जागेवर होत्या, माणसं बदलली होती. तोंड उघडून जे एक वाक्य मी सकाळी बोललो नव्हतो, ते मी आता बोललो. मॅडमनी कपाळावर हात मारला. "जहाँगीर! सातला काय ठेवलं होतंस?"

"अमोनियम क्लोराइड, मॅडम. चाचा के वास्ते..." आणि जहाँगीरभाईंनी जीभ चावली.

"ते मी नंतर बघते," मॅडम म्हणाल्या. मग सात नंबरकडे वळल्या. "अम्मा, थांब. तुझं बरोबर आहे. तू घरी जा, आणि तुझं नाक सांभाळून ने."

उषा स्टुलावरून उठता उठता रडत होती आणि हसतही होती. "काका, तुम्ही खोडलं असतंत तर मी मेले असते हो!"

माझी व्हायवा फार लांबली नाही. लिटमस नसताना काय वापराल, एवढंच मॅडमनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता गुण मांडले. वर म्हणाल्या, "पुढच्या वेळी मात्र हात वर करा, तातगारू."

पुढची वेळ! मी नाही म्हणालो नाही.

दाराशी जहाँगीरभाईंनी मला गाठलं. "चाचा, आसान वाला दिया था मैं. कैकू छोड़े?"

"पुढच्या बॅचला कानात काही सांगू नका, जहाँगीरभाई," मी म्हणालो. "लोक ऐकतात."

फाटकाशी रेणू हातात हॉलतिकीट घेऊन उभी होती. "खोडलं?"

"नाही."

"कुणी काही सांगितलं?"

"दोघांनी सांगितलं. त्यातल्या एक तर एक्स्टर्नल."

"आणि तुम्ही नाही खोडलंत? एक्स्टर्नलने सांगून?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला लाजून डबी काढावीशी वाटली. मग ती पायऱ्या चढून आत गेली. दोन तासांनी धावतच बाहेर आली.

"आजोबा, निळं होतं! मोरचूद! तरी मी सगळ्या टेस्ट केल्या, एकसुद्धा सोडली नाही."

रात्री जेवायला बसलो. इंदूला सगळी हकीकत रेणूने सांगितली, हातवारे करून, माझ्या आवाजाची नक्कल करून. इंदूने माझा सदरा साबणाच्या पाण्यात टाकला होता आणि डाग पुन्हा लाल झाल्याचं ती दोनदा येऊन सांगून गेली होती. मी आमटीभात कालवला. पहिला घास घेतला.

"कशी झालीय?" इंदूने विचारलं. ती रोजच विचारते, आणि रोज माझ्या उत्तराआधीच ताटात भाजी वाढायला लागते.

"अळणी आहे," मी म्हणालो.

तिचा हात थांबला. रेणूचाही.

"बहुतेक?" इंदूने विचारलं.

"नाही. आहे."

तिने बोट बुडवून चाखलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मिठाची वाटी माझ्यासमोर ठेवली.

"हे मीठच आहे ना, बघून घ्या," ती म्हणाली.